विश्लेषण : शिंपल्याची प्रजाती ओळखताना डीएनएही चकवा का देतो?

३ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेतील ‘अर्कान्सास न्यूक्लिअर वन’ या अणुवीज केंद्राचे दुसरे युनिट बंद करावे लागले. शीतकरण यंत्रणेतून पुरेसे पाणी वाहत नव्हते आणि वाट अडवली होती ‘कॉर्बिक्युला’ या छोट्या शिंपल्यांनी. त्यांची पिल्ले इतकी बारीक असतात की गाळणीतून सहज आत जातात आणि पाइपमध्येच वाढतात. कोकणातल्या तिसऱ्यांच्या भावकीतला, पण गोड्या पाण्यातला हा शिंपला मूळचा आशियातला. अमेरिकेत तो जिवंत सापडला १९३८ मध्ये, कोलंबिया नदीत.

स्थानिक शिंपल्यांपासून तो वेगळा कसा ओळखतात?

हे तुलनेने सोपे आहे. युरोप-अमेरिकेच्या नद्यांत नखाएवढे, वाटाण्याएवढे स्थानिक शिंपले असतात. शिंपला उघडून बिजागरी भिंगाखाली पाहायची. कॉर्बिक्युलाच्या बिजागरीच्या बाजूच्या दातांवर करवतीसारख्या खाचा असतात. स्थानिकांचे दात गुळगुळीत असतात.

मग अडते कुठे?

कॉर्बिक्युलाच्या आपापसातल्या प्रजाती ओळखताना. म्युलर या निसर्गअभ्यासकाने १७७४ मध्येच ‘फ्लुमिनिया’ आणि ‘फ्लुमिनॅलिस’ अशी दोन वेगळी नावे दिली. पुढे रंग आणि आकार पाहून नावांची रांग लागली. पण पाणी बदलले की कवचाचे रूपही बदलते. शेवटी संशोधकांनी अनेक ठिकाणी नावाचा आग्रहच सोडला. ते ‘फॉर्म ए’, ‘फॉर्म बी’ असे लिहितात.

डीएनए चाचणीने प्रश्न का सुटत नाही?

नेहमीच्या ‘बारकोड’ चाचणीत मायटोकॉन्ड्रियातील जनुक वाचतात. ते आईकडून येते. कॉर्बिक्युलाच्या अनेक वाणांत मात्र शुक्राणू अंड्यात शिरला की आईची केंद्रकातील गुणसूत्रे बाहेर टाकली जातात. जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये हे दाखवले. याला अँड्रोजेनेसिस म्हणतात. पिल्लू बापाची हुबेहूब प्रत, मायटोकॉन्ड्रिया तेवढे आईचे. परक्याच्या घरात शिरून मालकाचे सामान बाहेर फेकावे, स्वयंपाकघर मात्र त्याचेच वापरत राहावे, तसा हा प्रकार! शुक्राणू एका वाणाचा आणि अंडे दुसऱ्याचे असेल, तर कवच एक नाव सांगते आणि बारकोड दुसरेच.

याचा फटका कोणाला?

जपानमध्ये मिसो सूपमध्ये पडणाऱ्या ‘शिजिमी’ शिंपल्यांत ‘मा-शिजिमी’ हा देशी मानला जातो, तर ‘तैवान शिजिमी’ बाहेरून आलेला. दोघे इतके सारखे की काही अभ्यासक त्यांना एकच प्रजाती मानतात. देशी शिंपल्याच्या अंड्यातून परक्या बापाची प्रत बाहेर पडू शकते. म्हणजे नदीत शिंपले तेवढेच दिसतील, पण देशी वाण संपत आलेला असेल. एकट्या बारकोडवर विसंबले तर ते कळणारही नाही. बिवा सरोवरातल्या ‘सेता-शिजिमी’त मात्र नर-मादी वेगळे असतात, त्याचे प्रजनन सरळ चालते.

त्यामुळे आता कवचाबरोबर केंद्रकातील जनुकेही तपासतात. शुक्राणूही पाहतात, कारण अँड्रोजेनेसिस करणाऱ्या वाणांच्या शुक्राणूंना दोन शेपट्या असतात. अशा तपासणीला किनाऱ्यावरचे रिकामे शिंपले पुरत नाहीत. जिवंत नमुने पकडून त्यांचे मांस अल्कोहोलमध्ये जपावे लागते.