वंशावळीपलीकडील एक गोष्ट

जनावर घेतांना वंशावळ पाहावी, हें आमचे वाचक जाणतातच. परंतु वंशावळींत न दिसणारी आणखी एक गोष्ट वासराचें बरेंवाईट ठरविते. तिचा विचार येथें करूं.

गाईची कास, खूर, काळीज हे सर्व अवयव एकाच फलित अंड्यापासून होतात व त्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशींत आनुवंशिक मजकुराचें तेंच संपूर्ण दप्तर असतें. मग दूध कासेंतच कां उत्पन्न व्हावें? याचें उत्तर दप्तराच्या बांधणींत आहे. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. सोडलेल्या रुमालांतलाच कागद वाचतां येई. पेशींतील डीएनएचा धागाहि हिस्टोन नामक प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. त्यावर मेथिलची रासायनिक खूण बसली कीं तो भाग सामान्यतः मिटतो. हिस्टोनांवर असेटिलची बसली कीं सैल होतो. अक्षर एकहि बदलत नाहीं. यास एपिजेनेटिक्स म्हणतात.

गर्भाच्या आरंभींच्या मूलपेशींत बरेच रुमाल सैल असतात, म्हणून त्यांपासून कोणताहि अवयव होऊं शकतो. पुढें अवयव ठरतो तसतसे नको ते रुमाल आवळले जातात. प्रौढ पेशीचें केंद्रक रिकाम्या अंड्यांत घालून प्रतिरूप जनावर करावयाचें, तर हे रुमाल पुन्हां सोडावे लागतात. तें काम अर्धवट राहिल्यास गर्भ टिकत नाहीं. स्कॉटलंडांत १९९६ सालीं २७७ जोडलेल्या अंड्यांतून डॉली ही एकच मेंढी जन्मली. मूलपेशी घेतल्यास हें काम सुकर व्हावें, असा विचार पुढें आला. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेंत २०१० सालीं जन्मलेली गरिमा-२ ही म्हैस गर्भाच्या मूलपेशीपासूनच केलेली होती. तिनें २०१३ सालीं महिमा ही पारडी दिली.

आतां गोठ्याकडे वळूं. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या गर्भांपैकीं कांहींत या खुणा बिघडतात व वासरूं अवाजवी मोठें होतें. मेंढ्यांत या वाढीचा एका जनुकावरील मेथिलच्या खुणा कमी होण्याशीं संबंध असल्याचें २००१ सालीं दिसून आलें. सबब, भारी मोल देऊन असा गर्भ आपल्या गाईंत बसविणारांनीं केवळ वंशावळीवर विसंबूं नये. शेवटच्या महिन्यांत गाय पशुवैद्यास दाखवावी, आणि विण्याचे वेळीं तो हाताशीं असेल अशी तजवीज आधींच करावी. अडलेल्या गाईपुढें वंशावळीचा कागद कामास येत नाहीं.