सुवेळा माचीचे नेढे

पाली गावातून पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी राजगड चढावा आणि पूर्वेकडील सुवेळा माची गाठावी. तेथे कातळाला आरपार नैसर्गिक छिद्र आहे. सुईच्या नेढ्यासारखे दिसते, म्हणून नाव ‘नेढे’. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा बेसाल्ट वारा-पावसाने झिजला आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील टोर्गहाटन डोंगरातही असेच, सुमारे १६० मीटर लांबीचे आरपार विवर आहे.

नेढ्यात भणाणता वारा अनुभवावा. मात्र या कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. धूर, उग्र अत्तर वा आरडाओरडा यांनी त्या चवताळतात आणि अरुंद कड्यावर पळण्यास जागा नसते. तेव्हा वाचकहो, तेथे मौन पाळावे. त्यात त्यांचे व आपले, दोघांचेही रक्षण आहे.