लहरींतून घडणारी किल्ली

टेबलावर जाड पुस्तकाएवढ्या दोन पेट्या, दोन लॅपटॉप आणि आखूड अँटेना. हे सॉफ्टवेअर रेडिओ. टॉवरमधल्या यंत्रात जे काम ठरावीक सर्किट करतं, ते इथे प्रोग्राम करतो. प्रोग्राम बदलला की तीच पेटी वाय-फायची होते, तीच ५जीची. धारवाडच्या एका लॅबमध्ये संशोधन करणारी मुलगी पडद्यावरच्या सपाट रेषेकडे बघून नाराज होती. “काका, जरा खोलीत फेऱ्या माराल का? कुणी हलतच नाहीये.” ती बेळगावची, त्यामुळे माझ्याशी मराठी आणि शेजारच्या मुलाशी कानडी. मी चालू लागलो तशी रेष वरखाली होऊ लागली.

त्या चढउतारांतून तिला गुप्त किल्ली घडवायची होती. रेडिओलहर एका अँटेनाकडून दुसरीकडे सरळ जाते, तशीच भिंत, कपाट, पंखा, माणूस यांच्यावर आपटूनही पोचते. या सगळ्या वाटा मिळून होतो तो चॅनल, आणि एका फ्रिक्वेन्सीवर तो दोन्ही दिशांनी सारखाच असतो. पहिली पेटी ठरलेला संकेत पाठवते, दुसरी तो मोजते आणि लगेच उलट पाठवते. दोन्हीकडे जवळपास तेच आकडे येतात आणि ते कुणी कुणाला सांगितलेले नसतात. २.४ गिगाहर्ट्‌झला लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. चोरून ऐकणारा निम्म्या लांबीपेक्षा दूर असला आणि खोलीत लहरी परतवणाऱ्या वस्तू भरपूर असल्या, की त्याला वेगळेच आकडे मिळतात. उघड्या माळावर मात्र हा भरवसा धरता येत नाही.

खरी मेहनत पुढे. मोजलेल्या आकड्यांचे शून्य-एक करताना दोन्हीकडे थोडा फरक पडतोच. तो शोधायला पेट्या एकमेकींना पडताळे उघडपणे पाठवतात. जेवढं उघड बोललं तेवढी गुप्तता घटते, म्हणून शेवटी लांब ओळ दाबून आखूड किल्ली काढावी लागते. शिवाय खोलीत हालचाल नसली तर सारख्याच आकड्यांची रांग लागते. ती ओळखायला अवघड नाही. चालत्या माणसामुळे चॅनल सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात पालटतो, म्हणून माझ्या फेऱ्या.

एवढा खटाटोप का, याला कारण आहे. सिमची कायमची ओळख झाकून पाठवायची सोय ५जीच्या मानकात आली, पण त्यामागचं गणित मोठा क्वांटम संगणक मोडू शकेल. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यावर उपाय म्हणून नवी मानकं जाहीर केली. त्यातल्या एमएल-केईएम-७६८ या किल्ली ठरवण्याच्या पद्धतीची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटची. आज सर्रास वापरात असलेल्या एक्स२५५१९ या पद्धतीची फक्त ३२ बाइटची. छोट्या बॅटरीवर वर्षानुवर्षं चालायच्या सेन्सरला हे ओझं जड जातं. तिथे हवेतून मिळणाऱ्या किल्लीची आशा वाटते.

पण पलीकडे आपलीच पेटी आहे की तोतया, हे या किल्लीने कळत नाही. म्हणून शेजारचा मुलगा दुसऱ्या टोकाने झटत होता. प्रत्येक रेडिओच्या घडणीत बारीक दोष राहतात: फ्रिक्वेन्सी किंचित सरकलेली, अॅम्प्लिफायर किंचित वाकडा. न्यूरल नेटवर्कला त्यावरून यंत्र ओळखायला शिकवायचं. एका खोलीत उत्तम ओळखणारं मॉडेल खोली बदलली की चुकू लागतं, कारण ते यंत्राबरोबर ती खोलीही शिकलेलं असतं. किल्लीसाठी जी खोली वरदान, तीच इथे फसवते. हा दोष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ६जीच्या आराखड्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संपर्क यांची सांगड घातली आहे. पण ती बुद्धी कुठल्या खोल्यांत, कुठल्या रस्त्यांवर शिकली, हे विचारायलाच हवं.

म्हणूनच हे काम हुबळी-धारवाडसारख्या शहरांत व्हायला हवं. इथे ते करू शकणाऱ्या संस्था आहेत. १९४७चं बी. व्ही. भूमरेड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय २०१५मध्ये केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. आयआयटी धारवाड २०१६मध्ये आयआयटी मुंबईच्या मार्गदर्शनाखाली जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या (वाल्मी) आवारात सुरू झाली. तिच्या कायमच्या आवाराचं उद्घाटन १२ मार्च २०२३ला झालं. हुबळीच्या बाजारातली पत्र्याची छपरं, धारवाडचा पाऊस, काळ्या मातीची उघडी शिवारं: इथला चॅनल इथेच मोजावा लागेल, दुसऱ्या देशातल्या ऑफिसात मोजलेले आकडे इथे पुरणार नाहीत.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ठरावीक शक्तीपर्यंत प्रक्षेपणाला आपल्याकडे परवाना लागत नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी असं मोजमाप जरूर हाती घ्यावं: आपल्या कॉलेजात, आपल्या बाजारपेठेत, आपल्या शेतात.