सहा बाजूंच्या सोंगट्या



डॉमिनोचा खेळ काहींनी पाहिला असेल. त्यात २८ लांबट सोंगट्या असतात. प्रत्येकीवर ठिपक्यांचे दोन आकडे असतात. सारख्याला सारखा आकडा लावत रांग वाढवायची. आम्ही त्याच जातीचा, पण षट्कोनी सोंगट्यांचा खेळ केला आहे. त्याची माहिती मी देत आहे.

षट्कोनच का? शाळेच्या शहाबादी फरशीकडे बघा. चौकोनी फरशीला बाजूला बाजू लागून चार शेजारी असतात. कोपऱ्यातल्या फरश्या नुसत्या टोकाला टेकतात. मधमाशीच्या पोळ्यात एका घराला सहा शेजारी, नि सगळे बाजूला बाजू लावून. म्हणून डॉमिनोची रांग होते, आमचे पोळे होते.

पुठ्ठ्यावर कर्कटकाने वर्तुळ काढा. कर्कटक तेवढेच उघडे ठेवून वर्तुळावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतात. त्या पट्टीने जोडल्या की झाला षट्कोन.

मी बाजूंना रंग देणार होते. पण माझ्या आजीला मोतीबिंदूमुळे रंग नीट दिसत नाहीत, नि खेळायची हौस तर फार. म्हणून काही बाजूंना तुरीचा दाणा चिकटवला, काही कोऱ्या ठेवल्या. बोट फिरवले की कळते. दाणे डिंकानेच चिकटवा. खळीने लावले तर उंदीर पुठ्ठ्यासकट खातात.

आता निरनिराळ्या सोंगट्या किती होतील? सोंगटी फिरवता येते, म्हणून एक दाणा कुठेही लावा, ती एकच. दोन दाणे शेजारी, एक बाजू सोडून किंवा समोरासमोर, अशा तीन. तीन दाण्यांच्या चार होतात. सलग तीन, एक आड एक, आणि दोन जोडीने व तिसरा सुटा अशा दोन. या दोघी जुळ्या दिसतात, पण डाव्या-उजव्या चपलेसारख्या आहेत. कितीही फिरवा, एक दुसरीसारखी होत नाही. चार दाण्यांच्या तीन, पाचाची एक, सहाची एक, नि कोरी एक. एकूण १४.

दोघांनी सात-सात घ्यायच्या. दाण्याला दाणा, कोऱ्याला कोरी बाजू. जितक्या बाजू जुळतील तितके गुण. टेकलेली एक बाजू जरी चुकली तरी सोंगटी उचलायची.

तीन शेजाऱ्यांमधल्या खाचेत तीन गुण मिळतात. अशी खाच २ × २ × २ म्हणजे आठ प्रकारची असते. एक आड एक दाण्यांची सोंगटी त्यातल्या दोनच प्रकारांत बसते, सहा दाण्यांची फक्त एका. जुळ्या मात्र सहा प्रकारांत बसतात. आजी जुळ्या शेवटपर्यंत सोडतच नाही!

गुरुजींनी सांगितले, की न्यूझीलंड देशात माइक मॅकमॅनवे यांनी १९८८ साली टँट्रिक्स नावाचा असाच खेळ काढला. त्यात प्रत्येक षट्कोनावर तीन रंगांच्या तीन रेघा असतात. रंग एकूण चार. म्हणून तीन-तीन रंगांचे चार गट पडतात, नि गंमत म्हणजे प्रत्येक गटात १४च सोंगट्या! १४ × ४ = ५६.

आमची पेटी खिडकीत ठेवली आहे. पालकांनीही खेळावे. परत ठेवताना दाणे मोजावेत, सगळे मिळून ४२ आहेत.