पहिलीच मॅच हरली तर काय बिघडतं? प्रो कबड्डीतलं गुणांचं गणित

अहिल्यानगर : गावच्या यात्रेतल्या कबड्डीत हिशेब सोपा असतो. हरला तो बाद, रात्रीच टेम्पोत बसून घरी. प्रो कबड्डीत तसं नाही. बारा संघ आधी साखळीत खेळतात आणि गुणांवर नंबर लागतात. त्यामुळं पहिली मॅच हरली की पारावर हमखास ऐकू येतं, "अजून लई मॅची पडल्यात." हे अर्धंच खरं आहे.

2021-22 चा आठवा हंगाम बघा. आपल्या जिल्ह्याचा अस्लम इनामदार याच हंगामात पुणेरी पलटणकडून पुढं आला. डिसेंबरात, इकडं कांदा लागवडीची धांदल चालू असताना, पलटण पहिलीच मॅच दबंग दिल्लीकडून 41-30 अशी हरली. तेव्हाचा नियम असा : जिंकलं तर 5 गुण, बरोबरीला 3 आणि 7 किंवा त्यापेक्षा कमी फरकानं हरलं तर 1. इथं फरक 11 चा, म्हणजे हातात भोपळा.

साखळी संपली तेव्हा यूपी योद्धा 68 गुणांवर तिसरा, गुजरात 67 वर चौथा. बेंगळुरू आणि पुणे दोघंही 66 वर. पुण्याच्या वाट्याला सहावा नंबर आला. तेव्हा सहाव्याची गाठ तिसऱ्याशी पडायची. यूपीनं 42-31 नं हरवलं आणि पुणेकर घरी.

आता तीच पहिली मॅच 7 च्या फरकानं हरली असती तर? एक गुण मिळून 67 झाले असते, बेंगळुरू मागं पडलं असतं आणि यूपीऐवजी गुजरात समोर आलं असतं. जिंकली असती तर आणखी मजा. पुण्याचे 71 आणि दिल्लीचे 75 चे 70, फार तर 71. दुसऱ्या नंबरासाठीच झुंज लागली असती. पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळायची. दिल्ली दुसऱ्या नंबरवरून थेट तिथं गेली आणि त्या वर्षीचा कपही घेऊन गेली.

दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार होता. पलटण 22 पैकी फक्त 2 मॅच हरली आणि 96 गुणांनी पहिली आली. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणाला 28-25 असं हरवून विजेतेपद मिळवलं. एवढी आघाडी असली की एखादी हार पचते. मधल्या गर्दीत मात्र एकेक गुण नडतो.

2025 च्या बाराव्या हंगामापासून नियम बदलला. जिंकलं तर 2, हरलं तर शून्य. थोडक्यात हरल्याचा तो एक गुण गेला. पण वरच्या दोन नंबरांचा मान कायम आहे. त्या हंगामात पुणे पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्लीकडून टायब्रेकरवर हरलं, तरी वर असल्यानं दुसरी संधी मिळाली. तेलुगू टायटन्सला हरवून ते अंतिम फेरीत पोचले. तिथं दिल्लीनंच 31-28 नं गाठलं.