उजवा गाल, डावा गाल

ती रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असणार. आरशासमोर एक बाई, हातात गुलाबी दगडाचा चपटा तुकडा, हनुवटीपासून कानापर्यंत एक सफाईदार फराटा आणि खाली मजकूर, 'मी पन्नाशीची आहे, विश्वास बसतो?' नाही बसत. ती जेमतेम पंचविशीची दिसते आणि बहुधा असतेही. पण तोवर आपला हात आपल्याच गालावर गेलेला असतो.

माझा हात गालावर जायचं कारण मात्र रील नव्हतं. आमच्या हॉस्टेलमध्ये एफवायची एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. ती हसताना दोन्ही गाल बोटांनी दाबून धरते. आधी वाटलं, लाजते. मग कळलं, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत रेघ पडू नये म्हणून. 'लाफ लाइन्स गं ताई. एकदा पडल्या की जात नाहीत.' मेसमध्ये कुणी काही बोललं की आख्खं टेबल खिदळतं आणि ही गाल धरून बसलेली. रोज रात्री ती व्हिडिओ बघून वीस मिनिटं चेहऱ्याचा मसाज करते, सुरकुत्या पडू नयेत म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्रीही. तीच मला म्हणाली, 'तू जर्नालिझमला आहेस ना? मग शोधून सांग ना, याने खरंच फरक पडतो का?'

म्हणून ही सगळी शोधाशोध. नुसतं वाचून काय सांगायचं, म्हणून चार आठवडे स्वतःवर प्रयोगही केला. मसाज फक्त उजव्या गालाला, डाव्याला काहीच नाही. रोज सकाळी सात मिनिटं आणि मग खिडकीपाशी त्याच जागी उभं राहून फोटो. रूममेटने मला वेड्यात काढलं, पण फोटो तिनेच काढले.

आधी त्या दगडाबद्दल. 'गुआ शा' हा चिनी उपचार. 'गुआ' म्हणजे खरवडणं आणि 'शा' म्हणजे खरवडल्यावर त्वचेवर उठणारे लालसर ठिपके. मूळ प्रकार पाठीवर, मानेवर, चांगला जोर लावून करायचा. दुखणं, आखडणं यांवरचा उपाय म्हणून. चेहऱ्यावरची हलक्या हाताची आवृत्ती हा त्याचा ब्युटी पार्लरमधला अवतार. जपानची युकुको तनाका हिची पद्धतही तुम्ही पाहिली असेल. 'झोगान' तिचं नाव, अर्थ साधारण 'चेहरा घडवणं'. त्यात दगड नाही, फक्त बोटं आणि तळवे. प्रत्येक फराटा कानापाशी न्यायचा आणि तिथून मानेवरून खाली गळ्याच्या हाडापर्यंत उतरवायचा.

आणि आपलं अभ्यंग? वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त रोजच्या अभ्यंगाने म्हातारपण आणि थकवा दूर राहतो असं म्हटलंय खरं. पण खास लक्ष कुठे द्यायचं तर डोकं, कान आणि तळपाय. गालांचं नाव त्या यादीत नाही! नरक चतुर्दशीला आजी पाठ रगडून काढायची आणि चेहऱ्याला उरलेला हात नुसता पुसायची, ते काही चुकीचं नव्हतं म्हणायचं.

आता माझा उजवा गाल. पहिल्याच सकाळी मी चाट पडले. फरक दिसत होता! उजव्या बाजूची जबड्याची रेघ जरा ठळक, डोळ्याखालची सूज कमी. मी फोटो घरी पाठवून दिला. आईने अंगठा पाठवला. अकरा वाजता लेक्चर संपवून वॉशरूमच्या आरशात बघितलं तर दोन्ही गाल पुन्हा सख्खे भाऊ.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. रात्रभर आपण आडवे असतो, त्यामुळे शरीरातलं थोडं पाणी चेहऱ्याच्या ऊतींत साठतं. रात्री मिसळ-पाव किंवा चिप्सचं मोठं पाकीट झालेलं असेल तर मिठामुळे आणखी. हे पाणी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे लिम्फच्या बारीक नळ्यांतून, कानापुढच्या आणि मानेतल्या गाठींकडे निचरा होऊन जातं. या नळ्यांमागे हृदयासारखा पंप नसतो. स्नायूंची हालचाल, श्वास आणि बाहेरून पडणारा हलका दाब यांच्या जोरावर बरंचसं काम चालतं. मसाजने तोच दाब मिळतो आणि सूज लवकर उतरते. मसाज केला नाही तरी उठून दोन-तीन तास वावरलात की ती उतरतेच. माझा डावा गाल तेच करत होता, आळशीपणे.

दुसरा परिणाम रक्ताचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात लोकांनी पाच मिनिटं फक्त एका गालावर रोलर फिरवला. (माझी आयडिया मला ओरिजिनल वाटली होती. असो.) त्या गालाचा रक्तप्रवाह नंतर निदान दहा मिनिटं वाढलेला राहिला. म्हणून मसाजनंतर चेहरा टवटवीत दिसतो. 'ग्लो' खोटा नाही, फक्त त्याची मुदत कमी आहे. लग्नाला, इंटरव्ह्यूला किंवा आयडी कार्डच्या फोटोला जाण्याआधी करा, बिनधास्त.

पण सुरकुती म्हणजे पाणी नाही. त्वचेच्या आतल्या थरात कोलाजेन आणि इलॅस्टिनच्या तंतूंचं जाळं असतं. विशीनंतर कोलाजेन हळूहळू कमी होऊ लागतं. पुढे गालांतल्या चरबीच्या गाद्या आकसतात, घसरतात. अगदी कवटीचं हाडही वयाबरोबर थोडं झिजतं. वरून दगड फिरवून हाड परत येईल का, तुम्हीच सांगा.

'पण चेहऱ्याच्या स्नायूंना व्यायाम दिला तर?' हा माझ्या ज्युनिअरचा पुढचा प्रश्न, आणि प्रश्न चांगला होता. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तो खरंच तपासला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये 'जामा डर्मेटॉलॉजी'त छापले. ४० ते ६५ वयाच्या २७ बायका. चेहऱ्याचे व्यायाम आधी आठ आठवडे रोज अर्धा तास, मग विसाव्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड. फोटो बघून वयाचा अंदाज बांधणाऱ्या डॉक्टरांना सुरुवातीला त्यांचं सरासरी वय ५०.८ वाटलं, शेवटी ४८.१. गाल जरा भरलेले दिसू लागले होते. 'फेस योगा' शिकवणारे हा अभ्यास फ्रेम करून लावतात. पण २७ पैकी शेवटपर्यंत टिकल्या फक्त १६. काहीच न करणारा तुलनेचा गट नव्हता. शिवाय हा व्यायाम होता, मसाज नव्हे, आणि यातली एकही बाई एकोणीस वर्षांची नव्हती. एकोणिसाव्या वर्षी गाल भरलेलेच असतात. आपणच तर ते 'चबी' म्हणून फिल्टरने बारीक करतो.

यातली सगळ्यात मोठी गंमत अशी. बोटॉक्स सुरकुत्या कमी करतं ते स्नायूंना ढिलं पाडून, आणि फेस योगावाले म्हणतात स्नायूंना कामाला लावा, सुरकुत्या जातील. चेहऱ्याचे बरेच स्नायू थेट त्वचेला जोडलेले असतात, म्हणून तर आपण भुवई उडवू शकतो. हसल्यावर पडणारी घडी ही त्या जोडणीची खूण. ती एकोणिसाव्या वर्षीही पडते, पाचव्या वर्षीही पडत होती. तान्ह्या बाळालाही पडते, तेव्हा आपण तिचे फोटो काढतो. हसून झाल्यावर ती जाते, कारण आतलं जाळं अजून घट्ट असतं. म्हणजे सांभाळायचं ते जाळं. आणि ते कुरतडणारा मुख्य उंदीर हसू नाही, ऊन आहे.

याचा पुरावा बघायचाय? २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवला, खिडकी कायम डाव्या हाताला. चेहऱ्याची उजवी बाजू साधारण वयाला साजेशी आणि डावी खोल सुरकुत्यांनी भरलेली, त्वचा जाड झालेली. काचेतून आत येणाऱ्या यूव्हीए किरणांची ही करामत. माझा उजवा-डाव्याचा प्रयोग चार आठवड्यांचा, त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा, आणि निकाल फोटोत डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. पुढच्या वेळी एसटीत चढलात तर ड्रायव्हरकाकांच्या खिडकीकडे जरूर बघा.

दुसरा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावचा. ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांची पाहणी केली. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मन मानेल तसं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वयाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. हा अभ्यास २०१३ मध्ये आला. इतका मोठा आणि इतका लांब अभ्यास चेहऱ्याच्या मसाजवर मला कुठे सापडला नाही.

म्हणजे पुण्यातल्या मुली स्कूटीवर डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात आणि अख्खा महाराष्ट्र ज्यावरून त्यांना डाकू म्हणतो, ते या शहरातलं सगळ्यात स्वस्त अँटी-एजिंग मशीन आहे! फक्त ओढणी झिरझिरीत नको, घट्ट विणीची हवी. आणि खाली ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा मावतील एवढं. मुलांनो, हे तुम्हालाही आहे. 'मी कुठे काळजी करतो' म्हणत दुपारी दोन वाजता ग्राउंडवर नेट प्रॅक्टिस करणारे तुम्हीच ना?

इतकं वाचूनही मसाज करावासा वाटतोय? करा की. मीही अजून करते, पण वेगळ्या कारणासाठी. एक प्रयोग आत्ताच करा. दाढा दाबून धरा आणि कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. टणक गोळा लागला? तो चावण्याचा स्नायू. इंटर्नल्स, प्लेसमेंट, घरून आलेला फोन, या सगळ्यांत आपण नकळत दाढा आवळतो, काही जण झोपेत दात खातात. तोंड किंचित उघडं ठेवून त्या गोळ्यावर दोन बोटांनी सावकाश गोल फिरवा, मिनिटभर. मला पहिल्यांदा केलं तेव्हा जांभईवर जांभई आली.

सूज उतरवायची असेल तर आधी हात धुवा आणि सुरुवात चेहऱ्यापासून नाही, मानेपासून करा. कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत हलके हात फिरवून वाट मोकळी करायची. मग हनुवटीकडून कानाकडे, नाकाकडून कानाकडे, कपाळाच्या मध्यातून कानशिलाकडे आणि दर वेळी पुन्हा मानेवरून खाली. डोळ्यांभोवती अनामिका वापरा, तिचा जोर आपोआप कमी पडतो. दाब एवढाच की त्वचा सरकेल, लाल होणार नाही. बोटं अडखळत असतील तर आधी मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर लावा. दगड हवाच असेल तर स्टीलचा चमचा फ्रिजमध्ये ठेवून त्याची पाठ फिरवा. अडीचशे रुपये वाचतील. माझे गेले.

गळ्याच्या घाटीच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या असतात, तिथे जोरात दाबायचं नाही. चक्कर येऊ शकते. पिकलेल्या मुरुमांवर, उन्हाने भाजलेल्या किंवा रेटिनॉल लावून चुरचुरणाऱ्या त्वचेवर मसाज नको. आणि रगडू तर अजिबात नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर घासल्याने, आग झाल्याने जे काळे डाग पडतात ते जायला महिनोन् महिने लागतात. सुरकुत्या टाळायच्या नादात विसाव्या वर्षी डाग घेऊन बसायचं, हा कुठला व्यवहार?

तेलाचं मी अनुभवाने सांगते. मी घरून आणलेलं खोबरेल वापरलं. कोरड्या त्वचेला ते चालून जातं, पण तेलकट चेहऱ्यावर छिद्रं बुजतात. तिसऱ्या आठवड्यात उजव्या गालावर तीन पुटकुळ्या आल्या. डावा गाल, ज्याला मी हातही लावला नव्हता, स्वच्छ.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी काढलेला फोटो मी मेसमध्ये दाखवला. पुटकुळ्या तोवर बसल्या होत्या. विचारलं, मसाजची बाजू कुठली? कुणी उजवी म्हणालं, कुणी डावी, एकीने विचारलं, 'केस कापलेस का?' माझ्या ज्युनिअरने फोन हातात घेऊन बराच वेळ झूम करून पाहिलं आणि आत्मविश्वासाने बोट ठेवलं. डाव्या गालावर.

मी खरं उत्तर सांगितलं तेव्हा टेबलावर जे हसू फुटलं, त्यात तीही होती. तिच्या एका हातात माझा फोन होता आणि दुसऱ्या हातात पोळीचा घास, त्यामुळे गाल धरायला हातच नव्हते. घास संपल्यावर तिचा हात सवयीने पुन्हा गालाकडे गेला. सनस्क्रीन मात्र तिने मागवलंय, आणि रात्रीचा मसाज वीस मिनिटांवरून पाचवर आलाय. उरलेली पंधरा मिनिटं ती काय करते, ते मी विचारलेलं नाही.