जारचं पाणी आणि नर उंदीर

साताऱ्यातल्या लग्नात किंवा सांगलीच्या मार्केट यार्डात ते निळसर, टणक 20 लिटरचे जार आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यातले बरेच पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे मूळ घटक बिस्फेनॉल-ए. हे रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतं हे 1936 मध्येच कळलं होतं. तरी पुढे त्याचंच प्लास्टिक केलं. कमाल आहे!

1997 मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात गाभण उंदरिणींना याचे अगदी किरकोळ डोस दिले. त्यांच्या नर पिलांची प्रोस्टेट ग्रंथी मोठेपणी वाढलेली निघाली. त्याहून मला भिडलं ते आपल्या परळचं काम. तिथल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत (गीता वनगे आणि सहकारी, 2009) प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांच्या (रॅट) गाभण माद्यांना हे रसायन तोंडावाटे दिलं. नर पिलांमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटली, आणि परिणाम तिसऱ्या पिढीपर्यंत दिसला. नातवाला, पणतूला!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा एकदम 20,000 पटींनी खाली आणली.

उष्णतेने हे रसायन जास्त झिरपतं. म्हणून एप्रिलच्या उन्हात टेम्पोवर तापलेला जार दिसला की मी आधी बुडाशी बघतो: त्रिकोणात 7 आकडा आणि शेजारी ‘पीसी’ असेल तर पॉलिकार्बोनेट. 1 असेल तर पेट, त्यात बिस्फेनॉल-ए वापरत नाहीत. घरी मात्र आजीची तांब्याची कळशी पुन्हा माळ्यावरून खाली आलीय.